नाल्याजवळचा पाचवा सापळा

ताई, परवा तुझ्या जलदानाला मी पुन्हा तोच किस्सा सांगितला.

सांगणार नव्हतो. वंदना झाली, भंतेजी जेवून गेले, पाहुणे मंडपात पाय पसरून बसले आणि आत्यानं हाक मारलीच. "बाळू, कुंदाच्या कॉम्प्युटरचा किस्सा सांग ना रे. सकाळपासून रडून राह्यलो आपण." आपल्या घरात कुणी गेलं की रडायला सगळे असतात, हसवायला मी एकटा. मग मी उभा राहिलो. काळा डबा, रबरी बटणं, किंचाळणारी कॅसेट, दावं तोडून पळालेली शेळी, सगळं हातवाऱ्यांसकट केलं. आणि शेवटी नाकावर नसलेला चष्मा वर सरकवून तुझ्या आवाजात म्हणालो, "प्रोसेसर जुना झाला. चुकला तो."

मंडप हसला. एकट्या सुमनकाकू हसल्या नाहीत. त्यांचं वावर आपल्या वावराला लागून, नाल्याच्या काठाला. त्या पदरानं डोळे पुसत बसल्या होत्या, म्हणून मी त्यांचं न हसणं दुःखात जमा केलं.

तू असलीस की या वाक्यावर उठून चहाचे कप गोळा करायला लागायचीस. तीसेक वर्षं. एकदाही म्हणाली नाहीस, बाळ्या, पुरे आता. परवा वाक्य संपलं, कप जागच्या जागी राहिले, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी फार वाईट केलं.

तू नोकरीला लागलीस तेव्हा मी पाचवीत होतो. तू पहिले पगार साठवून नागपूरहून सीताबर्डीतून तो डबा आणलास. स्पेक्ट्रम. मायनं तो हातात घेऊन तोलला. "पोरी सोन्याचा मणी घेतेत. तू गळ्यात काय घालशीन, वायर?" बाबांनी तो उलटा केला आणि खाली काय लिहिलंय ते तुझ्याकडून वाचून घेतलं. इंग्लंडात बनला म्हटल्यावर म्हणाले, "इंग्रज पह्यले आपला कापूस नेत होता. आता खोडरबराचे बटनं धाडून राह्यला."

पण तू कशी खुलली होतीस! तिकडच्या एका हट्टी माणसानं ठरवलं होतं म्हणे, की कॉम्प्युटर साध्या माणसाच्या घरात गेला पाहिजे. मग त्यातून जे जे काढता येईल ते त्यानं काढलं. पडदा काढला, म्हणे घरचा टीव्ही लावा. डिस्क काढली, म्हणे घरचा टेपरेकॉर्डर लावा. बटणंसुद्धा वेगवेगळी नाहीत, रबराची एकच चादर. राहिलं काय, तर अठ्ठेचाळीस के एवढीशी आठवण आणि झेड-एटी नावाचा प्रोसेसर. "आणि तोही अमेरिकेत आखलेला," तू म्हणालीस. बाबा म्हणाले, "मंग इंग्रजाचं काय हाय याच्यात?" तू म्हणालीस, "कंजुषी." बाबांना कॉम्प्युटरमधलं एवढं एकच कळलं आणि ते त्यांनी गावभर सांगितलं.

तुझ्या कळंबच्या शाळेत दुसरा होता. तिकडच्या रेडिओवाल्यांनी इंग्लंडच्या शाळांसाठी बनवून घेतलेला, भारदस्त, सायीच्या रंगाचा, वर लाल बटणांची रांग. सरकारी योजनेत आला आणि मुख्याध्यापकांनी त्याला कपाटात भरतकामाच्या रुमालाखाली ठेवला. दसऱ्याला रुमाल निघायचा, हार पडायचा, पुन्हा रुमाल. तू दरवर्षी भांडायचीस, "सर, ह्याले फुलं नको, करंट पायजे." मी मात्र त्याच्या बाजूनं होतो. कधी चालताना पाहिला नव्हता, त्यामुळे माझ्या मनात त्याची इज्जत अफाट होती. त्याच्यात वेगळा प्रोसेसर, पासष्ट-शून्य-दोन. त्याचा वेग दोन, तुझ्या झेड-एटीचा साडेतीन.

"मंग तुह्यावालाच जोरदार," मी म्हणालो. स्वतःच्याच अशिलाला पाडणारा असा वकील तुला दुसरा भेटला नसेल. त्या दिवशी सुमनकाकूंकडे कापसाचा वेचा चालू होता. तू मला बांधावर बसवलंस. "ते दोघी पाय. ती पारू हात भराभरा चालवते, पण एका बोंडाले चारदा हात लावते. अन सुमनकाकू पाय, सावकाश हाय, पण एका हिसक्यात बोंड साफ. सांजच्याले कोणाचं गाठोडं मोठं?" मी पाहत बसलो. संध्याकाळी दोघींची गाठोडी जवळजवळ सारखी निघाली. तुझी दोन्ही यंत्रं मला त्या दिवशी कळली, आणि आजही प्रोसेसर म्हटलं की मला चिप दिसत नाही, पारूचे हात दिसतात.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. मोबाईल आले तेव्हा तू मला कपाटातल्या त्या यंत्राची पुढची गोष्ट सांगितलीस. ते बनवणाऱ्या केंब्रिजच्या मंडळींना जगातला एकही प्रोसेसर पसंत पडेना, म्हणून त्यांनी स्वतःचा आखला, आणि त्याच घराण्यातला आज जवळपास प्रत्येक मोबाईलमध्ये बसलाय. गेल्या महिन्यात दवाखान्यात मी तुला फोनवर माझ्या नातवाचे फोटो दाखवत होतो. तू फोटोंकडे पाहिलंस आणि फोनच्या पाठीवर बोट वाजवलंस. "जिंकला बाळ्या तुहा रुमालवाला." मी म्हणालो, "नाही ताई, झेड-एटीच भारी." तू म्हणालीस, "झूट बोलतो. तुले बोलताच येत नाही झूट." आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलंस. मला वाटलं औषधाची गुंगी.

आता कागदावर लिहितोच आहे, तर हेही लिहितो.

ती बोंडअळीची वर्षं. कोणतंही औषध लागू पडेना. लोक चार दिवसांआड फवारत होते, गावात भाकरीलासुद्धा औषधाचा वास. तू म्हणालीस, आधी मोजलं पाहिजे. पतंग आला की अंडी, अंडी की अळी. पतंग मोजला तर अळी कधी येईल ते आधी कळेल. तू कामगंध सापळे मागवलेस. हिरवं नरसाळं, खाली लांब पिशवी, वर मादीच्या वासाची गोळी. विहाराच्या ओट्यावर तू सगळ्यांना समजावलंस की या वासानं नर येतात आणि पिशवीत पडतात. बाबा खोकले. सुमनकाकू म्हणाल्या, "आमच्या घरचे बी असेच अडकले," आणि सभा तिथंच जिंकली.

पाच सापळे. विहीर, आंबा, गोठा, शाळा आणि नाला. चार सापळ्यांवर चार बाया. नाल्याचा लांब, चिखलाचा, काट्यांचा; तो मला दिलास, कारण मी दोनदा नापास होऊन घरी बसलो होतो आणि माझ्याकडे सकाळ भरपूर होती. तू सातच्या एसटीनं शाळेला जायचीस. चारला परत आलीस की माजघरात टीव्हीसमोर बसायचीस. टेपरेकॉर्डरच्या आवाजाच्या चक्रीवर तू नेलपॉलिशचा ठिपका लावला होतास. तुझ्या आयुष्यातला नेलपॉलिशचा तेवढाच वापर. आवाज त्या ठिपक्यावर असला तरच कॅसेट नीट चढायची. मग ती किंचाळी, पडद्याच्या कडेनं सळसळणारे पट्टे, आणि पाच मिनिटांनी तुझा प्रोग्राम. तो एकेका सापळ्याचा आकडा विचारायचा आणि आलेख काढायचा. आलेख वरच्या रेघेला टेकला की फवारा, नाहीतर थांबा. पाच-सहा घरं तुझ्या रेघेवर थांबायला लागली होती. थांबणं केवढी हिंमत होती त्या वर्षी!

आणि मी, ताई, पोळ्याच्या आसपास नाल्यावर जाणं बंद केलं. एकदा गाळात चप्पल गेली, एकदा ताप होता, मग ना चप्पल ना ताप, नुसताच कंटाळा. पारावरच्या लिंबाखाली बसायचो आणि आकडा ठरवायचो. काल चार, मग आज तीन. परवा पाच होते, आज चार बरे दिसतील. फार मेहनतीनं ठरवायचो, म्हणजे खरे वाटतील असे. तेवढ्या वेळात दोनदा जाऊन आलो असतो.

एक दिवस तू आकडे भरता भरता विचारलंस, "नाल्यावरची पिशवी फाटली हाय का रे?"

"नाही ना. चांगली हाय."

"बरं," तू म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी प्रोग्राम सुरू झाला. विहीर विचारली, आंबा विचारला, गोठा, शाळा. आणि रोज जिथं "Nala?" यायचं तिथं इंग्रजी अक्षरांत आलं: "Balu, aaj kiti?" टीव्हीवर माझं नाव! मी मायला हाक मारली. शेजाऱ्यांना बोलावलं. बाकी चौघींचं नाव नाही, माझंच. मला वाटलं बक्षीस आहे. मी छाती फुगवून म्हणालो, "चार!" तू दाबलंस चार. आलेख निघाला.

पुढच्या पंधरवड्यात सुमनकाकूंची नाल्याकडची तीन एकरं अळीनं पोखरली. तुझा आलेख रेघेच्या खाली होता, म्हणून त्या थांबल्या होत्या. बोंडं वरून हिरवी, आतून भुसा. काकूंनी ओटीभर बोंडं आणून विहाराच्या ओट्यावर ओतली. कुणीतरी विचारलं, "मॅडम, मशीन खोटं बोलली काय?"

मी खांबाआड उभा होतो. माझे चार आणि तीन सांगायला पुढं आलो नाही. आणि तू, जी आयुष्यभर सांगत आलीस की प्रोसेसर कधी चुकत नाही, त्याले देलं तेच थो देते, तू चष्मा वर सरकवलास आणि म्हणालीस, "प्रोसेसर जुना झाला. चुकला तो."

मी श्वास सोडला. खरं सांगतो, आयुष्यात एवढा मोठा श्वास सोडला नाही.

पुढच्या वर्षी सापळे आले नाहीत. ओट्यावर कुणी तुझी सभा मागितली नाही. डब्यावर तूही रुमाल टाकलास, शाळेतल्यासारखा, फक्त महिन्यातून एकदा काढून चालवायचीस, आजाऱ्याला अंगणात फिरवावं तसा. आणि मी त्या दिवसाचा किस्सा केला. हसवणारा. कारण लोक हसत असले की मला विचारत नाहीत. लोहाऱ्याला कारखान्यात स्टोअरकीपर झालो, दिवसभर नटबोल्ट मोजतो, सगळे मला तिथं मोजणीचा पक्का माणूस म्हणतात. तेवढं ऐकलं की मला नाला आठवतो.

परवा मंडप उठल्यावर, दुपारी, मी तुझ्या खोलीत गेलो. रुमाल काढला. डबा, टेपरेकॉर्डर, तो छोटा टीव्ही, सगळं पुसलेलं. कॅसेटच्या खोक्यावर तुझ्या अक्षरात: ए बाजू, सापळे, पोळ्याआधी. बी बाजू, सापळे, पोळ्यानंतर. मी चक्री ठिपक्यावर आणली. दोनदा त्यानं चूक सांगितली, तिसऱ्यांदा ए बाजू चढली. शेळी नव्हती घाबरायला, मीच दचकलो.

मला प्रोग्राम लिहिता येत नाही, पण तू शेजारी बसवून एवढं शिकवलं होतंस की वाचता येतो. ए बाजूला पाचही आकडे एकत्र करून पाचानं भागले होते. विहीर, आंबा, गोठा, शाळा, नाला. मग बी बाजू चढवली. यादी वर सरकत गेली, मध्ये मध्ये तो थांबून विचारायचा, पुढं सरकू का. एका ओळीत होतं, "Balu, aaj kiti?", आणि त्याचं उत्तर बी नावाच्या खणात ठेवायचं. मी तो बी पुढे शोधत गेलो. शेवटपर्यंत गेलो. परत वरून वाचलं.

बी पुढे कुठंच नव्हता. आकडे चारच जोडले होते, चारानंच भागले होते.

म्हणजे तू मला विचारत होतीस, मी सांगत होतो, तू दाबत होतीस, आणि प्रोसेसर माझा आकडा इमानदारीनं एका खणात ठेवून विसरून जात होता. पोळ्यापासून, रोज. माझं नाव टीव्हीवर आलं त्याच दिवशी मी हिशेबातून गेलो होतो.

आधी मला हसू आलं, ताई. मग अपमान वाटला, ते खरं. मग वाटलं, सुटलो! माझ्या खोट्या आकड्यांनी काकूंचं वावर गेलं नाही. आणि खुर्चीवरून उठता उठता कळलं. पतंग नाल्याकडूनच येत होते. पाचवा सापळा खरा असता तर आलेख आठ दिवस आधी रेघेला टेकला असता. मी खोटं बोललो त्यानं काही झालं नाही. मी खरं आणलं नाही, त्यानं झालं.

तू दुसऱ्या कुणाला का नाही दिलास तो सापळा? मी रिकाम्या खोलीला मोठ्यानं विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं. दोनदा नापास झालेल्या भावाकडून गावादेखत पिशवीसुद्धा काढून घ्यायची, हे तुला झालं नाही. मी आपण होऊन जाईन, याची तू रोज चार वाजता वाट पाहिलीस. "Balu, aaj kiti?" तो प्रश्न मशीनला नको होता, तुलाच हवा होता. एक दिवस मी म्हणालो असतो, ताई, आज गेलोच नाही, तर तू बी परत जोडला असतास. एका ओळीचं काम होतं. तू वाट पाहिलीस त्यात चूक झाली, हेही मी म्हणणार आहे. मेल्या माणसाशी भांडू नये असं आपल्यात कुठं आहे. तीन एकरांपेक्षा माझी लाज मोठी नव्हती. तू मास्तरीण होतीस, कान धरायचा होतास.

आज सकाळी सुमनकाकूंकडे गेलो. त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. लिंब, चार आणि तीन, फाटकी पिशवी, बी बाजू. काकूंचा हात थांबला नाही.

"थे मले ठाऊक हाय," त्या म्हणाल्या.

"ताईनं सांगतलं?"

"कायले सांगन ते? सापळा माह्या वावराच्या धुऱ्यावर होता रे भैताडा. तू तिथं फटकत नव्हता, मले दिसत नव्हतं काय? वाटे, कुंदाच सोता येऊन मोजत असन."

"मंग काहून नाही बोलल्या, काकू?"

"बोलणार होती ना. बोंडं घेऊन बोलालेच आलती ओट्यावर. कुंदानं तुह्याकडे पाह्यलं अन म्हणे प्रोसेसर चुकला. मास्तरीण उभ्या गावात झूट बोलून राह्यली, तं म्हटलं तिले लय लागलं असन. मंग म्या तोंड गप केलं." त्यांनी एक शेंग माझ्याकडे फेकली. "पण तू थो किस्सा सांगतो ना दरसाल, त्याचा मले राग येते. थे बिचारी कप उचलाले उठे. माह्या घरी येऊन बसे मंग."

मी खाली बसलो. कप घेऊन तू स्वयंपाकघरात जातेस असं मला तीस वर्षं वाटत होतं.

निघताना काकू म्हणाल्या, "आता गुलाबी अळी हाय. माह्या पोरानं लावले सापळे. एक तिथंच हाय, नाल्यापाशी. पाहाचा असन तं पाय. चप्पल काढून जा, गाळ हाय."

गेलो, ताई. दव होतं, गुडघ्यापर्यंत भिजलो, बाभळीचा काटाही मोडला. पन्नाशीच्या माणसाला नाला जितका लांब असतो तितका तो तेव्हा नव्हता. पिशवीची गाठ सोडली. पतंग तळहातावर घेतले. एवढेसे असतात हे मला माहीतच नव्हतं. मोजले. दुसऱ्यांदा मोजले. पिशवी परत बांधली, फाटलीय का पाहिलं. नव्हती.

घरी येऊन बी बाजू चढवली. ती एक ओळ दुरुस्त करायला मला तासभर लागला; तुझ्या त्या डब्यात एकेका बटणावर पाच-पाच शब्द लिहिलेत आणि मला हवा तो कुठं लपलाय ते सापडेना. शेवटी जमलं. बी जोडला, चाराचे पाच केले. कॅसेटवर मात्र चढवलं नाही. कॅसेटवर तू केलंस तेच राहू दे. वीज गेली की माझी दुरुस्ती पुसली जाईल, आणि वीज तर आपल्याकडे रोजच जाते. उद्या परत नाल्यावर, परत ती ओळ. मी हंगाम संपेपर्यंत रजा टाकलीय.

मग सुरू केलं. विहीर विचारली, आंबा, गोठा, शाळा. ते सापळे आता नाहीत. चारी ठिकाणी शून्य दिलं, शून्य हा खरा आकडा आहे. मग खाली तुझा प्रश्न आला आणि त्याच्यापुढे आकडा मागणारं अक्षर लुकलुकत थांबलं. त्या झेड-एटीला साडेतीनच्या वेगानं दुसरं काहीच काम नव्हतं, माझी वाट पाहण्यापलीकडे.

सात, ताई. आज सात. जाऊन मोजले.